तिकडचं बंदर

मिस्त्रीने रेडिओची मागची फळी काढून चटईवर ठेवली आणि दिवा आत धरला. दाराशी तिघीजणी उभ्या होत्या.

"गावभरचे रेडिओ बोलके केलेत आणि घरचा मुका?" मुकादमाची बायको म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"बघतोय, वहिनी."

"बघा बाबा. ती होती तेव्हा रोज बोलायचा."

ती म्हणजे मिस्त्रीची बायको. तापाने गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. साहेबाची मुलं सांभाळता सांभाळता तिने साहेबाची भाषा उचलली होती. संध्याकाळी रेडिओला कान लावायची आणि मग नळावर बायकांना सांगायची. समुद्रापलीकडे एक देश आहे, त्याच्याही मानेवर हेच साहेब बसलेत. तिकडच्या हमालांनी जहाजं भरायचं सोडलंय. गोदामात माल कुजतोय. हे ऐकता ऐकता इथल्या हमालांनीही एक दिवस पाठीवरची पोती खाली टाकली. ती गेल्यावरही उचलली नव्हती. आता साहेबाचा निरोप आला होता, उद्या कामावर या, नाहीतर पलटण येईल.

"तिकडेही पलटण आणली असेल की," मुकादमाची बायको म्हणाली. "मग त्यांनी काय केलं, तेवढं कळू दे. आमचे हे त्यासाठीच खोळंबलेत."

मिस्त्रीने दिवा आणखी आत नेला आणि त्याचा हात तिथेच राहिला.

परदेशी स्टेशनं पकडणारी तार कापलेलीच होती. दोन वर्षांपूर्वी सरकारी हुकूम निघाला, तेव्हा घरोघरी जाऊन त्यानेच त्या तारा कापल्या होत्या. लोकांनी बोट दाखवायला नको म्हणून पहिली घरची. दुसऱ्या संध्याकाळी बायको पुन्हा कान लावून बसलेली दिसली. कुणाकडून तरी जोडून घेतली असेल, असं त्याने धरलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा कापावी लागली असती.

तारेच्या दोन्ही टोकांवर धूळ बसली होती. कुणी हात लावला नव्हता. आणि तिकडच्या हमालांची गोष्ट तर तिने तार कापल्यावर वर्षभराने सांगायला घेतली होती.

त्याने बटण फिरवलं. नुसती खरखर. तरी त्याने कान टेकवला. कुणीतरी श्वास घेतलाय आणि आता बोलणार, असं वाटत राहिलं. बोललं कुणी नाही.

खरं सांगितलं तर उद्या माणसं माना खाली घालून कामावर जातील, आणि जिवंत राहतील.

"लागलं का?"

"लागलं," तो म्हणाला. तोंडून निघूनच गेलं.

तिघी आत येऊन बसल्या.

"पलटण आली होती तिकडे?"

"आली होती."

"मग? भरली जहाजं?"

"नाही. जागेवर बसून राहिले."

"बघ, मी म्हणत नव्हते!" मुकादमाची बायको शेजारणीला कोपर मारून हसली.

तिसरी नवी सून होती. तिचा नवरा संपात सगळ्यात पुढे असायचा. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

"माणसं मेली का हो तिकडे?"

बायकोने सांगितलेल्या बातम्यांत कधी कुणी मेलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. मिस्त्रीने भिंतीकडे गुंडाळून ठेवलेल्या तिच्या अंथरुणाकडे पाहिलं.

"मेली," तो म्हणाला.

"नावं सांगितली का त्यांची?"

त्याने पुन्हा कान टेकवला. मग एकच नाव म्हणाला, बाईचं.

नव्या सुनेने चमकून वर पाहिलं. "हे तर आपल्या मिस्त्रीकाकूंचं—"

"असतात सारखी नावं," मिस्त्री म्हणाला.

मुकादमाची बायको आता हसत नव्हती. आधी रेडिओकडे, मग त्याच्या तोंडाकडे ती बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ह्यांना काय सांगू, भावजी? ती माणसं परत कामावर गेली नाहीत, एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि ती बाई?"

मिस्त्रीने चटईवरची फळी उचलून रेडिओला लावली.

"तिचंही सांगते," ती म्हणाली, आणि नव्या सुनेचा हात धरून बाहेर पडली.