दार नऊला बंद होतं

नर्स व्हायला काय लागतं असं कोणी विचारलं तर मी सांगते, खुर्ची लागते. बाकी सगळं माझ्याकडे आहे.

आमच्या कम्युनिटी कॉलेजात रजिस्टर्ड नर्सचा दोन वर्षांचा वर्ग आहे. त्यात खुर्च्या थोड्या आणि बायका फार. खाणी बंद पडल्यापासून केंटकीच्या या डोंगरात पगार म्हणावा असा पगार एक तर तुरुंगातल्या पहारेकऱ्याला मिळतो, नाहीतर दवाखान्यातल्या नर्सला. पहारेकरी होण्याइतकी माझी कंबर आता चांगली नाही. मग उरलं काय? प्रवेशाला गुण मोजतात. ॲनाटॉमीचे गुण, सूक्ष्मजीवशास्त्राचे गुण, प्रवेश परीक्षेचे गुण. वृद्धाश्रमात चौदा वर्षं आयाबाईचं काम केलं, लोकांच्या आईबापांची ढुंगणं पुसली, मेलेल्यांचे डोळे मिटले, त्याचे गुण शून्य. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. छे, तक्रार म्हणूनच सांगते.

वर आणखी एक गंमत. विज्ञानाचे विषय शिळे होतात. पाच वर्षांपूर्वी पास केलेली ॲनाटॉमी धरत नाहीत. पाच वर्षांत माणसाला नवीन हाड फुटतं की काय, देव जाणे. माझी एकदा शिळी झाली. पुन्हा वर्ग लावला, ड्यूटी संपवून तसल्याच मळक्या कपड्यांत जाऊन बसले, मांजराच्या मढ्यातले स्नायू मोजले, पास झाले. तीही या हिवाळ्यात शिळी होणार होती. म्हणजे यंदा खुर्ची मिळाली तर मिळाली. तिसऱ्यांदा ते मांजर चिरायची ताकद माझ्यात नाही.

यंदा माझं नाव राखीव यादीत पहिलं होतं. राखीव म्हणजे काय तेही सांगते. वर्ग सुरू होण्याआधी एक हजेरीचा दिवस असतो. निवडलेल्या बायका पुढे बसतात, प्रत्येकीच्या खुर्चीवर तिच्या नावाची चिठ्ठी. राखीव बायकांनीही यायचं, सगळी कागदपत्रं, सगळ्या लशी, पांढरे बूट घेऊन, आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायचं. नऊला दार बंद होतं. तोवर जिची खुर्ची रिकामी, ती राखीव यादीतल्या पहिलीची. दुपारपर्यंत यादी फाडून टाकतात. मग पुढच्या वर्षी पहिल्यापासून. याआधी दोनदा मी त्या भिंतीला टेकून बसले होते. समोरच्या मानांकडे बघत बसायचं आणि मनात म्हणायचं, एखादीची गाडी बंद पडू दे. भली भली बाई त्या रांगेत गिधाड होते.

त्या दिवशी सकाळी वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपत आली होती. मागच्या वॉर्डात आम्ही दोघीच, मी आणि कॅसिडी. कॅसिडी स्टॅम्पर, वय तेवीस, पदरात लहान मुलगी, जिभेला लगाम नाही, हात मात्र मऊ. तिची निवड झाली होती. पहिल्याच अर्जात. तिने ॲनाटॉमी शाळेतून निघाल्या निघाल्या ताजी ताजी केली होती आणि तिचं डोकंही चांगलं आहे, खोटं का बोला. आम्ही दोघी सातला सुटून, तोंड धुऊन, आपापल्या गाडीने कॉलेजात जाणार होतो. ती पुढच्या रांगेत. मी मागच्या.

हॉबर्टला मी कुशीवर वळवत होते. हॉबर्ट जुना खाणकामगार, छातीत कोळसा भरलेला, बोलताना मधे मधे हवा गोळा करतो.

"आज जाणार ना गं नर्स व्हायला?" तो म्हणाला.

"आज फक्त बसायला जायचंय, हॉबर्ट."

"बसायला मी पण येतो. मला तेवढंच... जमतं."

तेवढ्यात वँडा दारात आली. वँडा दिवसपाळीची नर्स. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"मिस्टीने फोन केलाय. येत नाही म्हणते. पोराला ताप."

"मिस्टीच्या पोराला दर पगाराच्या दुसऱ्या दिवशी ताप येतो," कॅसिडी कॉरिडॉरमधून ओरडली.

"येवो नाहीतर न येवो, वॉर्डात आयाबाई पाहिजे. एकीला थांबावं लागेल. तीनपर्यंत." वँडाने कॅसिडीकडे बघितलं नाही. "पाळी कॅसिडीची आहे."

आमच्या कामात एक नियम आहे तो कोणी मोडत नाही. बदली आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. सोडलास तर त्याला म्हाताऱ्यांना टाकून पळणं म्हणतात. सर्टिफिकेट जातं, पुन्हा कुठल्या दवाखान्यात झाडू मारायलाही घेत नाहीत. आणि बदली आली नाही तर कोण थांबणार याची आमच्यात पाळी असते. मागच्या खेपेला मी थांबले होते, सख्ख्या भाचीचं लग्न बुडवून. तेव्हा कोणी मला म्हटलं नाही की ट्विला, तू जा.

कॅसिडी खोलीत आली. हातात ओल्या चादरींचा गोळा तसाच.

"ट्विला. बदल ना माझ्याशी. पुढच्या दोन्ही वेळेला मी थांबेन. तिन्ही वेळेला."

"नाही."

"अगं, नऊला दार बंद होतं!"

"मला माहीत आहे केव्हा बंद होतं. मी दोनदा आतून बघितलंय."

मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

"तुला माझी खुर्ची पाहिजे."

"हो," मी म्हटलं. "पाहिजे."

हॉबर्ट भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो खोकलासुद्धा नाही.

"काय बाई आहेस गं तू," कॅसिडी म्हणाली.

"थकलेली. तू तेवीस वर्षांची आहेस. तू पुढच्या वर्षी परत जाशील. तुझी ॲनाटॉमी ताजी आहे."

"आणि तुझी शिळी झाली त्यात माझा काय दोष?"

"काहीच नाही. मिस्टीचा आहे. वर बसून माणसं न भरणाऱ्या मालकाचा आहे. पण पाळी तुझी आहे."

तिने कॉलेजला फोन लावला. ऑफिस नऊला उघडतं, असं यंत्र म्हणालं. दार नऊला बंद होतं आणि ऑफिस नऊला उघडतं. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझ्या वॉर्डात एक रात्र ठेवा. कॅसिडीने यंत्रात निरोप ठेवला, त्यात अर्ध्यावर रडली, मग फोन खिशात टाकून सहा नंबरच्या बाईला संडासाला घेऊन गेली. मी वँडाला म्हटलं, "तू नर्स आहेस, तुला दोन हात आहेत, तू सांभाळ ना वॉर्ड." वँडा म्हणाली, "ट्विला, माझ्याकडे तीन वॉर्डांची औषधं आहेत." तेही खरं होतं. तिथे सगळ्यांचं सगळं खरं असतं.

मी गेले.

पेट्रोल पंपावर कॉफी आणि बिस्किट-ग्रेव्ही, म्हणजे मऊ पाव नि घट्ट रस्सा, घेतली, गाडीतच खाल्ली. डोळे आरशात बघितले तर लाल. पांढरे बूट घातले. मला वाईट वाटलं का? माझा हक्क होता. हे मी स्वतःला कॉलेजच्या पार्किंगपर्यंत सांगत गेले, तेव्हा काय ते समजा.

खोली तीच. भिंत तीच. भिंतीला टेकून आम्ही सहा-सात राखीव. माझ्या शेजारची बाई बाळाची पिशवी घेऊन आली होती, बाळाशिवाय. तिने विचारलं, "कितवी?" मी म्हटलं, "पहिली." ती दुसरी. तिने असा श्वास सोडला की जणू मी तिच्या ताटातलं उचललं.

पुढच्या खुर्च्या भरत गेल्या. हसणाऱ्या, नवे केस कापलेल्या, झोपून उठलेल्या बायका. झोपून उठलेलं माणूस लगेच कळतं. तिसऱ्या ओळीत कडेची एक खुर्ची रिकामी राहिली. चिठ्ठी मला मागून वाचता येत नव्हती, वाचायची गरजही नव्हती.

मिसेस प्रॅटर पुढे उभ्या होत्या. त्याच या वर्गाच्या मुख्य. केस पांढरे, उंची लहान, आवाज असा की मागची भिंत सरळ बसते. घड्याळाकडे बघून त्या स्वतः दारापर्यंत गेल्या, बाहेर डोकावल्या, आणि दार लावलं.

"कॅसिडी स्टॅम्पर? आहे?"

कोणी नाही.

माझे पाय आपोआप उठायच्या तयारीत. आता फक्त माझं नाव यायचं होतं. एवढंच. मी तोंड बंद ठेवून बसायचं होतं. चाळीस पावसाळे पाहिलेल्या बाईला एवढं जमायला हवं.

पण मिसेस प्रॅटरना उपदेश करायची हौस आली. त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या पोरींना म्हणाल्या, "हे बघून ठेवा. हिला पहिल्याच अर्जात खुर्ची मिळाली आणि हिला पहिल्या दिवशी वेळेवर येता आलं नाही. असं माणूस रोग्याच्या काय कामाचं? उद्या बदली म्हणून उभी राहायची वेळ आली की ही झोपलेली असेल. बरं झालं, आजच कळलं."

पुढच्या दोघी-तिघी हसल्या. शहाण्यासारख्या.

मी काही पुण्यवान बाई नाही. कॅसिडीसाठी मी काही केलं नसतं, सकाळी केलं नव्हतंच. पण ते "झोपलेली" माझ्या डोक्यात गेलं. चौदा वर्षं मी ज्यांची झोप मोडलेली बघते, त्या सगळ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"ती झोपलेली नाही," मी म्हटलं. जोरात. मागून.

सगळ्या माना वळल्या.

"ती वॉर्डात आहे. बदली आली नाही, म्हणून तिला थांबवलंय. रात्रभर उभी होती, आता तीनपर्यंत उभी राहील. या यादीतलं कोणी नर्सचं काम आज करत असेल तर ती एकटी करतेय. आणि तुमच्या यंत्रात तिचा निरोप आहे, ऑफिस उघडायची कृपा झाली तर ऐका."

शेजारच्या बाईने माझ्या दंडाला धरलं. "अगं, गप्प बस ना," ती कुजबुजली. "तुझं नाव येतंय."

उशीर झाला होता.

मिसेस प्रॅटरनी खुर्चीवरचा हात काढला. नंतर म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिच्याच वॉर्डात आहे. मी सातला सुटले."

"तुम्ही राखीव आहात ना? पहिल्या?"

"हो."

त्यांना सगळं कळलं. तेवढी अक्कल होती बाईला, ते कबूल करते. त्या पुढच्या पोरींना, पण हळू आवाजात म्हणाल्या, "बदली आल्याशिवाय वॉर्ड सोडला नाही म्हणून मी कोणाची खुर्ची काढून घेऊ शकत नाही. तेच तर मी शिकवते. दुपारी बाराला गणवेशाची मापं घ्यायच्या आत ती आली तर खुर्ची तिची."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज करा. तुमच्यासारख्या..."

"माझ्यासारख्यांना गुण नाहीत. पुढच्या वर्षी माझी ॲनाटॉमी शिळी आहे. बारापर्यंत ती आली नाही तर?"

"तर तुमची."

म्हणजे मी फक्त बसून राहायचं होतं. बारा वाजेपर्यंत. कॅसिडीला तर कोणी सोडणार नव्हतंच, ती तीनपर्यंत अडकलेली. खुर्ची अजूनही माझीच होती, फक्त थोडी लांब गेली होती.

मी पिशवी उचलली. शेजारची बाई म्हणाली, "कुठे चाललीस?" मी म्हटलं, "बाई, आता दोन नंबरची तूच पहिली आहेस, बस." ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. एवढ्या लोकांसमोर तिच्यासाठी भांडून मग तिच्याच न येण्यावर डोळे लावून भिंतीला टेकायचं, हे माझ्याने झालं नसतं. मला वाटतं मी इतकी दमले होते की लाज सहन करायचीही ताकद उरली नव्हती. बाकी काही नाही.

वृद्धाश्रमात पोचले तेव्हा कॅसिडी जेवणाच्या ट्रॉलीपाशी होती. केस चेहऱ्यावर, बाहीवर ओट्स.

"काय, झालं का समाधान?" ती म्हणाली. "गणवेश दाखवायला आलीस?"

"तुझी खुर्ची आहे. बारापर्यंत. जा."

"काय?"

"मी बदली आहे. वँडाला सांगितलंय. किल्ल्या घे आणि जा. बाही धू आधी."

ती हललीच नाही. "तू काय केलंस?"

"तोंड उघडलं. जा ना कॅसिडी, नाहीतर माझा विचार बदलेल. देवाशपथ बदलेल."

ती पळाली. दारापाशी वळून काहीतरी म्हणणार होती, पण मी पाठ केली. आभार ऐकले असते तर मी तिच्या थोबाडीत मारली असती.

पांढरे बूट काढून कपाटात टाकले. वँडा माझ्या हातात नवीन हातमोजे देऊन म्हणाली, "तीनपर्यंत जमेल तुला?" मी म्हटलं, "नाही." आणि घातले.

हॉबर्ट उशीवर घसरला होता. त्याच्या काखेत हात घालून मी त्याला वर ओढलं. खांद्याच्या हाडापासून पार कमरेपर्यंत माझ्या पाठीतला प्रत्येक दुखरा स्नायू मला नावानिशी सांगता आला असता. अजून तीन महिने तरी, ॲनाटॉमी शिळी होईपर्यंत.

"झालीस?" हॉबर्टने विचारलं.

"नाही."

तो हवा गोळा करत राहिला. मला वाटलं, आता हा म्हातारा काहीतरी गोड बोलणार आणि मी इथेच फुटणार.

"मग ही अंडी... घेऊन जा," तो म्हणाला. "रबर आहेत नुसती."

मी ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाले, कोणाला तरी चार शब्द सुनवायला.