पहिल्या खुर्चीच्या शेजारी

आई वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते आणि बाबा व्हायोलिनं बनवतात, हे ऐकलं की लोकांना आमचं घर फार सुरेल वाटतं. प्रत्यक्षात घरभर सरसाचा वास असतो, सोफ्यावर लाकडाचा भुसा असतो आणि आई रोज सकाळी एकच तुकडा इतका घोटते की तो शेजारच्या काकूंनाही पाठ झालाय. मला स्वतःला काहीही वाजवता येत नाही. आईचे कान आणि बाबांचे हात मिळाले असते तर मी कुठल्या कुठे गेले असते. माझ्या वाट्याला आले बाबांचे कान आणि आईचा राग.

आईचं व्हायोलिन बाबांनीच केलेलं. लग्नाआधी, तिला पटवायला. ते त्यांच्या हातचं पहिलंच व्हायोलिन, आणि ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. "पुढे ढीगभर केली, पण त्याची सर कशालाच नाही," असं म्हणून बाबा कौतुकाने आईकडे बघतात, आणि आई पाहुण्यांना आणखी कॉफी हवी का विचारते. बाबांच्या बाकीच्या व्हायोलिनांना ती हातही लावत नसे. बाबांना त्यात प्रेम दिसायचं.

वाद्यवृंदात आई पहिल्या खुर्चीच्या शेजारी बसते. पहिल्या खुर्चीवरचा माणूस हा सगळ्या व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या. एकट्याने वाजवायचे तुकडे त्याचे. शेजारणीने त्याच्यासाठी पानं उलटायची. त्या खुर्चीसाठी आईने एकदा परीक्षा दिली होती. ती पडद्याआडून वाजवायची असते, म्हणजे परीक्षकांना माणूस दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. निकाल लागला: वादन उत्तम, आवाज दबका. खुर्ची एका भलत्याच उंच गृहस्थांना मिळाली. घरात आम्ही त्यांना जिराफ म्हणतो.

आवाज दबका होता तो आईच्या हाताचा की बाबांच्या व्हायोलिनचा, हे आमच्याकडे कधीच कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? उत्तर काहीही आलं तरी दोघांपैकी एकाचं तोंड कायमचं उतरलं असतं.

यंदा जिराफ निवृत्त व्हायचा होता. महिन्याभरात पडदा पुन्हा लागणार होता. आईला ती खुर्ची इतकी हवी होती की ती खुर्चीचा विषयसुद्धा काढू देत नव्हती.

जिराफाच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी आणि बाबा तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्याचा मोठा एकट्याचा तुकडा तोंडावर आला आणि त्याची तार तुटली. टण्ण! अशा वेळचा नियम ठरलेला आहे. शेजाऱ्याने आपलं व्हायोलिन मुकाट्याने द्यायचं आणि तुटक्या तारेचं मांडीवर घेऊन बसायचं. आईने दिलं.

"आता ऐक," बाबांनी माझं कोपर घट्ट धरलं. "आपलं व्हायोलिन आहे!"

त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. मी मात्र मनात वेगळाच हिशेब मांडत होते. हे व्हायोलिन वाईट वाजलं तर बाबा संपले. आणि जिराफाच्या हातात सुंदर वाजलं, तर आई संपली.

वरचे सूर बरे लागले. मग तो जाड तारेवर उतरला, तिथून वर चढायला लागला, आणि व्हायोलिन गुरगुरलं. खरंच गुरगुरलं, कोणी शेपटीवर पाय दिल्यासारखं. जिराफ दचकला. पुढच्या वेळी तो त्या सुराला जपून गेला, तरी तेच. समोर छडी घेऊन उभ्या असलेल्या संचालकांच्या भुवया कपाळात गेल्या.

मी आईकडे पाहिलं. ती तुटक्या तारेचं व्हायोलिन मांडीवर घेऊन बसली होती. पण तो सूर जवळ आला की तिची हनुवटी खाली दाबली जात होती. नुसत्या हवेत. प्रत्येक वेळी.

एका समीक्षकाने कधीतरी लिहिलं होतं की या बाई वाजवताना मान झुकवून सुरात बुडून जातात. बुडून कसल्या जातात! ती ते गुरगुरणं हनुवटीखाली दाबून धरत होती, आणि त्याबरोबर व्हायोलिनचा आवाजही. तिच्या जबड्याखाली व्हायोलिन टेकून पडलेला काळा डाग इतर वादकांपेक्षा मोठा का, हे मला तेव्हा कळलं. बाबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझं कोपर सोडलं.

कार्यक्रमानंतर जिराफाने व्हायोलिन दोन्ही हातांनी परत केलं. "हे तुम्ही रोज वाजवता? आणि मी इतकी वर्षं शेजारी बसून ओळखलं नाही? मानलं बुवा तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले ते त्यांनी गेल्या वर्षी केलेलं एक व्हायोलिन घेऊनच.

"हे घे."

"कशाला? माझं आहे की."

"घे गं. तुला माहीत होतं ना?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"किती हौसेनं आणलं होतंत," आई म्हणाली. "म्हटलं, सांगू सावकाश. तोवर तुम्ही पाहुण्यांना सांगायला लागलात."

बाबांना हसावं की रडावं कळेना. आईने हात पुसले, व्हायोलिन मानेशी धरलं आणि जिराफाचा तोच तुकडा सुरू केला. जाड तारेवर उतरली, चढायला लागली, सवयीने हनुवटी खाली गेली. पण दाबायला काहीच नव्हतं. सूर मोकळा, भरदार बाहेर आला आणि फडताळातले पेले किणकिणले.

ती थांबली. आधी व्हायोलिनकडे, मग बाबांकडे बघत राहिली.

"हे एवढं सोपं असतं?"

बाबा ओट्याला धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तर सरळ रडूच फुटलं.

"पुरे," आई म्हणाली. "बाहेर जा दोघंही. महिनाच उरलाय, आणि मला अजून हनुवटी उचलायला शिकायचंय."