पोपट पेंटरांची अक्षरे

मित्रांनो, यवतच्या बाजारपेठेतल्या एका दुकानाच्या माळ्यावर पडलेला मी एक जुना संगणक आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे. कधी काळी माझ्या पडद्यासमोर दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसत. त्या दिवसांची मला अजून ओढ लागते.

१९९९ साली गौतमीने मला गोधडीत गुंडाळून जीपमधून पुण्याहून आणले. तिचे वडील पोपट पेंटर, म्हणजे आमचे आबा. आसपासच्या शाळा, दवाखाने, ट्रक, सगळ्यांवरची नावे त्यांच्याच ब्रशची. मला पाहून ते एवढेच म्हणाले, "आता ब्रशला कोन इचारनार, बाये?" मला फार अपराध्यासारखे वाटले.

पुढच्या वर्षी वस्तीतल्या विहाराशेजारी वाचनालय सुरू होणार होते. त्याचे मोठे पोस्टर छापायचे ठरले. अक्षरे आबांचीच हवीत, असा गौतमीचा हट्ट. आबांचा हात तेव्हा थरथरू लागला होता. तरी त्यांनी चार दिवस खपून कागदावर लिहिले, 'ज्योती वाचनालय, सर्वांसाठी खुले'. गौतमीने तो कागद स्कॅन केला, चित्र ताणून मोठे केले आणि प्रेसला पाठवले. नमुना आला तो कडा फाटलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांचा.

आबांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "माजा हातच गेला म्हंजी."

"हात न्हाई गेला, आबा. चूक माझी हाय. मी तुमच्या अक्षरांचा फोटो ताणला, म्हणून ठिपके दिसाय लागले. रेषा काढून दिली असती, तर कितीबी मोठी केली तरी फाटली नसती."

"मग काढ की रेषा. मी बसतो शेजारी."

आठ दिवस ते काम चालले. गौतमी एकेक बिंदू ठेवत अक्षराच्या कडेने रेषा वळवत नेई. आबा माझ्या काचेवर बोट टेकवून सांगत, "ह्या 'ख'चं पोट जरा फुगव. व्हय, असं." काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटत. गौतमी ते पुसत नसे.

फाइल पाठवण्याआधी तिने सगळे पुन्हा तपासले. पडद्यावरचे रंग छपाईच्या चार शायांमध्ये बदलून घेतले. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पार्श्वभूमी चारही बाजूंनी थोडी बाहेर वाढवली. खालचा पत्ता टाइप केलेला होता. प्रेसच्या संगणकात तो फॉन्ट नसला तर गोंधळ होईल, म्हणून त्याच्याही रेषा करून घेतल्या. मग फ्लॉपी घेऊन ती स्वतः एसटीने पुण्याला गेली.

पोस्टर लागले त्या दिवशी आबा दुकानात परतले ते हसतच. गौतमीला म्हणाले, "तुझ्या आईनं अक्षरावरनं हात फिरवला. इचारती, रंग वाळला का."

तीन वर्षांनी आबा गेले. पुढे नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. खालून कळफलकाचा आवाज येई. तो माझा नसे.

२००७ साली वाचनालय सांभाळणारे महेंद्र सर आले. वाचनालय नव्या इमारतीत जाणार होते, आणि उन्हाने विटलेले ते पोस्टर त्यांना पुन्हा छापून हवे होते. गौतमीने फ्लॉपी शोधली, पण ती काही केल्या उघडेना. तेव्हा तिने मला खाली घेतले.

मी दोनदा बंद पडलो. तिसऱ्या वेळी माझ्याच डिस्कवरची मूळ फाइल उघडली. अक्षरे जशीच्या तशी होती, एकही कड फाटली नव्हती. गौतमीने ती नव्या फ्लॉपीवर घेतली, तिथून दोन सीडींवर.

"खाली आबांचं नावबी टाका," महेंद्र सर म्हणाले. "त्यांच्याच अक्षरात."

गौतमीने आबांच्या नावाची अक्षरे त्या ओळीत शोधली. तिच्यात 'प' नव्हता, 'ट' नव्हता. तिने 'ठ'ची रेषा तोडून 'ट' करून पाहिला, 'य'वरून 'प' वळवला. मग दोन्ही पुसून टाकले.

"आबांनी 'प' असा काढला नसता," ती म्हणाली. "नाव साध्याच फॉन्टमध्ये टाकते."

मित्रांनो, आपल्या फायली दोन ठिकाणी जपून ठेवा, हे मी सांगेनच. पण ज्यांच्या हातात कला आहे, ती माणसे शेजारी बसलेली असतानाच त्यांच्याकडून मागून घ्या. आम्हाला आठ दिवस मिळाले होते. पूर्ण बाराखडी मागायचे आम्हा दोघांनाही सुचले नाही.