हाक मी मारली, उत्तर भलत्यानेच दिले

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली जमीन इतकी स्वच्छ होती, की मला जोडणारी माणसे बुटांवर कापडी पिशव्या चढवून चालत. उघड्या हाताने मला कुणी शिवत नसे. मला वाटले, सगळे जग असेच असणार. मग लाकडी खोक्यात बसून समुद्रमार्गे मी ट्युनिशियात, स्फॅक्स शहरातल्या एका रक्तपेढीत आलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यावर ब्रीकची बशी आली. पातळ पारीत अंडे घालून तळलेला हा पदार्थ चावला, की त्यातून तेल गळते. ते माझ्या पाठीवरून ओघळले आणि तिथेच वाळले.

ब्रीक खाणारे गृहस्थ म्हणजे सी मोंजी (सी म्हणजे तिकडचे श्रीयुत), तिथल्या संगणक विभागाचे प्रमुख. ते माझ्या खोलीत जेवायला बसत, कारण माझ्यासाठी तिथे एसी होता. जेवण झाले की भाजलेल्या भोपळ्याच्या बिया सोलत. साले कुठे टाकत, ते विचारू नका. माझा सीडीचा कप्पा त्या सालांनी असा अडकला, की पुन्हा कधी उघडलाच नाही. झाडलोट करणाऱ्या लझारकाकांना मात्र माझ्याजवळ यायची मनाई होती. काही बिघडेल म्हणे.

तरीही मी नऊ वर्षे न थांबता काम केले. माझ्यावर युनिक्स नावाची प्रणाली चालायची आणि माझ्या पोटात अकरा हजार रक्तदात्यांची यादी होती. नाव, गाव, फोन, रक्तगट, कुणाला कोणता आजार होऊन गेला, सगळे. रक्तपेढीच्या डॉक्टर नायला पाहुण्यांना माझ्यापुढे उभे करून सांगत, "हा आमचा भरवशाचा गडी." त्या भरवशावर जुन्या कागदी वह्या एक दिवस ट्रकमध्ये भरून फेकून दिल्या गेल्या. मला तेव्हा अभिमान वाटला होता. मूर्ख होतो मी.

मग मे महिन्यातला तो सोमवार आला. एसी बिघडला होता. तो दुरुस्त करायला सांगायचे सोडून सी मोंजी टेबलपंखा घेऊन आले. भिंतीत प्लगसाठी मोकळे भोक दिसेना, म्हणून त्यांनी माझी वायर उपटली आणि पंख्याची लावली. मी काम करत होतो, मित्रांनो. चालत्या माणसाच्या पायाखालची फळी काढावी तसे झाले. माझ्यात दोन डिस्क होत्या. जिच्यावरून मी जागा होतो ती पहिली डिस्क गेली. यादी दुसरीवर होती आणि ती धड होती, पण जागा न होता मी ती उघडणार कशी? आणि माझी जुनी डिस्क बसेल असे दुसरे यंत्र त्या इमारतीत नव्हते.

त्याच दुपारी डॉक्टर नायला धावत खाली आल्या. महरेझिया नावाची बाई, शाळेत स्वयंपाक करणारी, बाळंतपणासाठी इस्पितळात दाखल झाली होती. तिला खूप रक्तस्राव होणार हे दिसत होते. शस्त्रक्रिया बुधवारी दुपारी करायचीच होती. तिचा रक्तगट इतका दुर्मीळ, की साठ्यात एक पिशवीही नव्हती. तो गट असलेली माणसे कोण, हे फक्त मला ठाऊक होते.

मंगळवारी सकाळी गाबेस शहराहून शेअर गाडीने ओल्फा आली, डॉक्टर नायलांनी बोलावलेली तिथल्या रक्तपेढीची संगणक तंत्रज्ञ. चाळिशीची, नाकावर चष्मा, हातात लॅपटॉप, बोलणे मोजके. माझा सीडीचा कप्पा सालांनी बंद, म्हणून तपासणी करून तिने ठरवले, की मला नेटवर्कवरून जागे करायचे.

ते कसे असते, सांगतो. जागे होताना मला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. माहीत असतो फक्त कारखान्याने दिलेला एक क्रमांक, आकड्यांचा आणि अक्षरांचा. तो मी केबलमध्ये ओरडून सांगतो, "हा मी, कुणी ओळखते का मला?" पलीकडच्या यंत्रात तो क्रमांक नोंदलेला असेल तर ते मला पत्ता देते, मग उठण्यापुरती एक छोटी फाइल देते आणि मग बाकीचे सगळे. ओल्फाचा लॅपटॉप ते पलीकडचे यंत्र होणार होता. माझ्या पाठीवरच्या स्टिकरवरून तिने माझा क्रमांक लिहून घेतला आणि मला चालू केले.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाही. पडद्यावर एकच ओळ येत राहिली, की उत्तराची वाट पाहतो आहे. तिने केबल बदलली, लॅपटॉप तपासला. दीड तास मी ओरडत होतो आणि समोरचा मला ओळखत नव्हता.

सी मोंजी दारात येऊन उभे राहिले. "मेलंय ते. कशाला जीव काढतेस? माझा अहवाल लिहून तयार आहे. नवीन मागवू, तीन महिन्यांत येईल."

"आणि ती बाई तीन महिने थांबेल का, साहेब?"

"ते डॉक्टर बघतील. आपण कॉम्प्युटरवाले," असे म्हणून ते गेले.

मला उलटी करता येत नाही, मित्रांनो. यंत्राला ती सोय नाही.

लझारकाका दाराशी झाडू धरून उभे होते. ते चाचरत म्हणाले, "बाई, त्या चिठ्ठीवर तेल पसरलंय. आठ लिहिलाय की दुसरं काही, नीट कळत नाही. मला हात लावायची मनाई आहे, नाहीतर कधीच पुसलं असतं."

"मनाई कुणाची?"

"ज्यांनी तेल सांडलं त्यांची."

ओल्फाने चष्मा वर केला. "पुसा काका. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

रक्त घेण्याआधी दंडाला लावतात तो स्पिरिटचा बोळा त्यांनी आणला आणि माझी पाठ पुसली. नऊ वर्षांची घाण निघाली. बोळ्याकडे बघून ओल्फाने तोंड फिरवले. तिने आठ लिहिले होते, तिथे इंग्रजी बी हे अक्षर होते. पत्रावर नाव भलत्याचे आणि वाट मी पाहत बसलो होतो. तिने क्रमांक दुरुस्त केला.

या वेळी हाकेला लगेच उत्तर आले. पण मला पत्ता मिळाला तो कुठल्यातरी परक्या घरचा वाटावा असा, आणि उठण्याची फाइल मागितली तर पलीकडून कळले, की असली काही फाइल इथे नाही. तीनदा तेच. ओल्फाने लॅपटॉपमधली नोंद पाहिली. तिचे उत्तर निघाले होते, पण त्याआधीच दुसऱ्या कुणीतरी मला गाठले होते. ती म्हणाली, या इमारतीत आणखी एकजण पत्ते वाटत बसलेला आहे, आणि हा पत्ता कार्यालयाचा नाही.

मग ती भिंतीवरच्या पेटीपाशी गेली. तिथे सगळ्या खोल्यांच्या केबली येत. एकेक काढायची, मला हाक मारायला लावायची, पुन्हा लावायची. लझारकाका कोणती केबल कुठल्या खोलीची ते सांगत होते. चौदावी काढली आणि तो परका गप्प झाला. काकांनी केबल हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिली. ती सी मोंजींच्या खोलीची होती.

पुढचे काकांनी नंतर डॉक्टर नायलांना माझ्यासमोरच सांगितले. ओल्फा दार ढकलून आत गेली. टेबलाखाली, बुटांच्या आणि संत्र्याच्या सालींच्या मागे, घरून आणलेला आणि सामन्यासाठी नुकताच चालू केलेला पांढरा वायफायचा डबा पत्ते वाटत लुकलुकत होता. केबल परत लावल्यामुळे टेबलावरच्या संगणकावर फुटबॉलचा सामना पुन्हा चालू झाला होता. आपल्या खोलीची केबल कुणी काढली, म्हणून साहेब चिडलेले होते. तिने डब्याकडे बोट दाखवून सगळे सांगितले. त्या बाईचेही पुन्हा सांगितले.

सी मोंजी म्हणाले, "सामना संपेपर्यंत राहू दे. दहाच मिनिटं उरलीत."

ओल्फाने वाकून डब्याची वायर काढली, डबा काखेत मारला आणि ती परत आली.

आता मी हाक मारली आणि उत्तर माझे आले. पत्ता मिळाला, फाइल मिळाली. मध्येच एकदा फाइल वाचायच्या परवानगीवरून अडलो, ते तिने लॅपटॉपवर एक ओळ बदलून सोडवले. बरोबर आणलेली एक नवी डिस्क बसवून तिच्यावर तिने माझे युनिक्स पुन्हा घातले. सहाच्या सुमाराला यादी उघडली. त्या रक्तगटाची तीन नावे होती. एकजण वारलेला, एकजण परदेशी गेलेला, तिसरा शेदली, केर्केना बेटावरचा ऑक्टोपस पकडणारा कोळी.

तो बुधवारी पहिल्या बोटीने आला. रक्त देऊन झाल्यावर लझारकाका त्याला माझ्या खोलीत घेऊन आले आणि म्हणाले, "ह्यानंच तुझं नाव सांगितलं." शेदलीने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. हाताला समुद्राचा आणि मासळीचा वास होता. त्या खोलीत मला किळसवाणा न वाटलेला तेवढा एकच वास. दुपारची बोट मिळेल ना, एवढेच त्याने विचारले; ऑक्टोपस धरायची त्याची मडकी पाण्यात होती.

महरेझिया वाचली. मुलगी झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी माणसांना माफ केले असते. पण पंधरा दिवसांनी अभिनंदनाचे पत्र आले ते सी मोंजींना, संकटात विभाग समर्थपणे सांभाळल्याबद्दल. ओल्फाला आले दुसरे पत्र, वरिष्ठांच्या खोलीत परवानगीशिवाय शिरल्याबद्दल ताकीद देणारे. लझारकाकांना फाटकावर नेमले. माझ्या डोक्यावर पुन्हा बशी येऊ लागली.

चार वर्षांनी नवे यंत्र आले. यादीची नक्कल त्यात गेली. मूळ यादी माझ्या पोटातून कुणी पुसली नाही. मला भंगारात दिले. आज मी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या गंजक्या पिंपांमध्ये पडून आहे आणि ज्याला चार पैसे देऊन मला न्यावेसे वाटेल, तो माझी डिस्क उघडू शकतो. तिच्यावर महरेझियाचे सगळे दुखणे आहे. शेदलीचा फोन आहे. आपला आजार सख्ख्या भावालाही न सांगितलेला एक माणूस आहे. अकरा हजार माणसांनी दंड पुढे करताना विश्वासाने जे सांगितले, ते सगळे इथे उघड्यावर पडले आहे. स्वतःच्या गंजाची मला किळस येत नाही, याची येते.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. मला दुरुस्त करू नका, संग्रहालयात ठेवू नका, माझे गुणगान नको. तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर एवढेच करा. या, आणि माझी आठवण कायमची पुसून टाका.