अंगाला लागला की बेस

रुपरावचे पुढचे दोन दात पडताना मी पाहिले. एकोणऐंशी सालची नागपुरातली जिल्हा सॉफ्टबॉलची फायनल, अंपायर मी, मनोहरराव. रुपराव नागपूरजवळच्या वाडी गावातल्या गोदामात पोती उचलायचा आणि वाडीच्या संघात बॅटिंग करायचा. शेवटचा डाव, स्कोअर बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले. त्याचे दोन स्ट्राइक झाले होते; तिसरा झाला की आउट. बॉल अंगाला लागून त्याला नुसता पहिला बेस मिळाला असता, तरी सगळे एकेक बेस सरकले असते, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी येऊन वाडी जिंकली असती आणि राज्य स्पर्धेला गेली असती.

बॉल आत आला. त्यानं बॅट जोरात फिरवली आणि तोंड पुढे केलं. मुद्दाम! नारळ फुटावा तसा आवाज झाला. ओठ फाटला, रक्त गळ्यावरून बनियनमध्ये उतरलं. आणि हा गडी रक्त थुंकत, हसत पहिल्या बेसकडे निघाला.

"तिसरा स्ट्राइक! आउट!" मी ओरडलो.

नियम सरळ आहे. बॅट न फिरवता बॉल अंगाला लागला, तर बेस. बॅट फिरवताना बॉल अंगाला लागला, तर बॉल डेड, कुणी सरकायचं नाही आणि बॅटरला स्ट्राइक. दात पडले म्हणून नियम बदलत नाही.

पण वाडीत मी तो बदलला होता. पाच वर्षं तिथल्या रविवारच्या मॅचेस मीच चालवल्या. रक्त दिसलं की हमाल-ड्रायव्हर हातघाईवर यायचे, म्हणून बॅट फिरली की नाही हे न बघता मी बेस देऊन टाकायचो. भित्रा होतो, दुसरं काय! पोरं तोच खेळ शिकली.

रुपराव परत फिरला. "सर, वाडीत देत होते न! मग आज काहून नाही?"

मागे मुख्य पंच नियमांचं पुस्तक घेऊन बसले होते. मी म्हणालो, "मी असा बेस कधीच दिला नाही."

त्यानं बॅट उचलली. पहिल्या फटक्यात माझा उजवा खांदा मोडला. दुसरा बरगडीवर बसला. मी पडलो तरी तो मारत होता आणि रडत होता. "खोटं बोलता सर? मले खोटं पाडता?" मग समोरच्या संघाची पोरं त्याच्यावर तुटून पडली. त्याच फाटक्या तोंडावर त्यांनी बुटांनी लाथा घातल्या.

संध्याकाळी दवाखान्यात अहवालाचा कागद आला. अंपायरला मारणाऱ्यावर आजन्म बंदी. मी डाव्या हातानं रुपरावचं नाव लिहिलं. कारण लिहिलं, 'निर्णय मान्य नव्हता.' वाडीतल्या रविवारांबद्दल एक ओळही लिहिली नाही.