तिच्या बाजूचा खड्डा

माझी कंबर दोन वर्षं दुखत होती. गोळ्या झाल्या, शेक झाले, पट्टा झाला. शेवटी मुलीने एका दवाखान्यात नेलं, तर तिथे कमरेकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. डोक्यालाच दोन ओले स्पंज बांधले. त्यातून बारीक करंट सोडायचा आणि तेवढा वेळ समोरच्या बाई माझ्याशी बोलणार, असे दहा दिवस. दुखणं जुनं झालं की मेंदूला त्याची सवय लागते, ती करंटने सैल करायची आणि बोलून मोडायची, असं त्यांनी समजावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला तुमचं डोकं ताळ्यावर आणता आलं नाही. मशीनला जमतंय का बघू."

मी गाद्या भरतो. चाळीस वर्षं हेच केलं. तरी बायको गेल्यापासून मी आमच्या गादीवर तिच्या बाजूला झोपतो. तिथे कापूस बसून तिच्या मापाचा खड्डा पडलाय. अंग टाकलं की घसरत बरोब्बर तिच्या जागी जातं. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गादी उसवावी लागली असती.

बाईंना बाकी सगळं सांगितलं. ती कशी गेली, किती घोरायची आणि कशी कबूल करायची नाही, तेसुद्धा. डोक्याला मुंग्या यायच्या, कंबर दिवसभर हलकी वाटायची आणि सकाळी पुन्हा होती तशी. मशीन लावणाऱ्या ताई वायरी तपासून दमल्या.

सातव्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, की कंबर धरून गिऱ्हाईक आलं तर मी आधी काय विचारतो.

"गादी शेवटची कधी भरली?" मी चांगलं दुकानातल्या आवाजात म्हणालो.

आणि माझाच हात कमरेवर गेला.

"मग? कधी भरली?" बाई म्हणाल्या.

"ती होती तेव्हा," मी म्हणालो आणि रडलो. स्पंजाचं पाणी कपाळावरून ओघळतच होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चाललोय.

रविवारी मुलीने आणि मी गादी उसवायला घेतली. खड्ड्यावर हात ठेवून ती म्हणाली, राहू द्या, दुसरी भरा. मीच नको म्हणालो. दुसरी भरली असती तर ही माळ्यावर गेली असती, आणि हिच्या मागे मी. सगळा कापूस पिंजला. तिच्या बाजूचा आणि माझ्या बाजूचा मिळून एकच ढीग झाला. कुठला कोणाचा, ते माझ्या हातालाही कळेना.

दोन दिवसांनी बाईंनी कमरेचं विचारलं. सकाळी उठताना भिंत धरावी लागली नाही, असं सांगितलं.

"आणि झोप?"

"लागते," मी म्हणालो. "पण आता कुठल्या बाजूला झोपायचं, तेच समजत नाही."