पाकिटातला पासवर्ड

सकाळी दहालाच केळी संघाच्या जळगाव कचेरीतल्या कॉम्प्युटरची डिस्क भरली आणि वॅगनच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम बंद पडला. चार वाजता सावद्याहून केळीची गाडी सुटणार होती. कोणाचा माल कोणत्या वॅगनमध्ये, ते सगळं त्या एका मशीनच्या पोटात.

"केयी कापून ठेवली व माय," दारातून सावद्याचे झुलाल आबा म्हणाले. "उन्हात किती टिकीन?"

मॅनेजर रतिलालभाऊंनी कपाटातलं लाखबंद पाकीट फोडून कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कुंदाबाईंपुढे ठेवलं. आत रूटचा पासवर्ड होता. रूट म्हणजे मशीनचा मालक. त्याचा हुकूम मशीन उलट न विचारता पाळतं.

"धुळ्याच्या इंजिनिअरनं सफाईची स्क्रिप्ट दिलीय ना? चालवा."

"आधी वाचते."

"वाचायला वेळ आहे का, बाई?"

कुंदाबाई मूळच्या टायपिस्ट. न वाचता कागद पुढे सरकवायचा नाही, ही सवय जुनीच. त्यांनी आपल्या साध्या खात्यातून स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, उघडली. दोनच ओळी. 'जुनी' नावाच्या कप्प्यात जा. मग, उभा आहेस तिथलं सगळं पूस.

त्या कप्प्याचं नाव मागच्याच महिन्यात त्यांनी बदललं होतं. कप्पा सापडला नाही तर रूट होता तिथेच राहणार, म्हणजे मशीनच्या अगदी मुळाशी. आणि तिथूनच पुसत सुटणार.

त्यांनी धुळ्याला फोन लावला. इंजिनिअर चुडामण पाटील वैतागला. "अहो, चार ठिकाणी चाललीय ती!"

"कप्पा सापडला नाही तर काय होईल, तेवढं सांगा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "ताई, फोन ठेवा. शिंदखेड्याच्या कापसाच्या जिनिंगला आत्ताच चालवायला सांगितलीय."

कुंदाबाईंनी स्क्रिप्टची प्रत काढली. कप्प्याचं नाव सुधारलं, कप्पा सापडला नाही तर तिथेच थांब, अशी ओळ घातली. मग पुसण्याच्या जागी नुसती यादी दाखवायला लावून आपल्याच खात्यातून चालवून पाहिली. पडद्यावर फक्त जुन्या फायली आल्या. त्या फायलींची राखीव प्रत टेपवर घेतलेली आहे, हे त्यांनी वहीत पाहिलं, मगच पुसण्याची ओळ परत घातली आणि रूटचा पासवर्ड टाकला. मग एंटर दाबलं.

अर्ध्या मिनिटात जागा मोकळी झाली. त्या लगेच रूटमधून बाहेर आल्या. साडेअकराला प्रिंटर खडखडू लागला आणि आबा पहिली चिठ्ठी घेऊन एस.टी. स्टँडकडे धावले.

दुपारी चुडामणचा फोन आला. शिंदखेड्याचं मशीन कोरं झालं होतं.

"टेप आहे का त्यांच्याकडे?" कुंदाबाईंनी विचारलं.

"गेल्या दिवाळीची. सहा महिने झाले."

कुंदाबाईंनी रूटचा पासवर्ड बदलला, नव्या पाकिटात घातला आणि लाख मागवली.